आयत्या वेळचा ऑर्व्हिल

ऑर्व्हिल टेस्डालचा डावा हात देवानं सावकाश, मन लावून घडवला आणि पोट मात्र निघता निघता उरकून टाकलं, असं त्याची आई म्हणायची. उत्तर मिनेसोटातल्या एल्क बेंड गावाबाहेर त्याच्या वडिलांचा गोठा होता. वडील हल्वर टेस्डाल. आमच्याकडची नॉर्वेजियन माणसं मुळातच कमी बोलतात, पण त्यांच्यातही हल्वर घुमा म्हणून ओळखला जायचा. मुलगा गोठ्याच्या भिंतीवर खडूनं चौकोन काढून त्यात तासन्‌तास चेंडू मारत राही. हल्वर दूध काढता काढता ते ऐकत असे आणि चेंडू चौकोनाबाहेर लागला की नुसता खाकरत असे. भिंतीच्या आवाजावरूनच त्याला कळायचं.

शाळेच्या बेसबॉल संघात सगळ्यांना वाटलं, या पोरानं गावाचं नाव काढलं. सरावात त्याचा चेंडू फलंदाजाच्या नाकासमोर येईपर्यंत सरळ यायचा आणि तिथून जिना उतरल्यासारखा खाली जायचा. पण सामना शनिवारी आहे हे मंगळवारी जाहीर झालं की बुधवारी ऑर्व्हिलचा नाश्ता सुटायचा, गुरुवारी जेवण सुटायचं आणि शुक्रवारी जे काही पोटात उरलेलं असेल तेही सुटायचं. शनिवारी तो मैदानावर उभा राहिला की प्रतिस्पर्धी संघाच्या आया आपसात म्हणत, या पोराला घरी घेऊन जा कुणीतरी. आईनं आल्याचा चहा दिला, लुथेरन चर्चच्या पाद्रीबाबांनी प्रार्थना दिली, डॉक्टरांनी खडूसारख्या गोळ्या दिल्या. पोट कुणालाच बधलं नाही. शेवटी मास्तरांनी त्याला संघातून काढलं आणि चेंडू टाकायला, म्हणजे पिचर म्हणून, डॉक्टरांचा मुलगा उभा राहिला.

त्या डॉक्टरांच्या मुलाला बघायला एकदा शहरातून एका व्यावसायिक संघाचा माणूस आला. मुलानं पाहुण्यासमोर ऐट दाखवायला पायरीवरून उडी मारली आणि घोटा मुरगाळून घेतला. मास्तर तसेच गाडी घेऊन टेस्डालांच्या कुरणात गेले. ऑर्व्हिल गवताच्या गाठी रचत होता. त्याला होता तसा गाडीत घातला, गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांसकट. त्या बुटांनीच तो मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर चढला आणि दुपारभर समोरच्या संघाला त्यानं बॅटला चेंडू लावू दिला नाही.

पाहुण्यानं मास्तरांना विचारलं, हा मुलगा नेहमी असंच टाकतो का? मास्तर सचोटीचे. ते म्हणाले, "नाही. एरवी हा आजारी असतो." पाहुण्याला तो विनोद वाटला. त्यानं त्याच संध्याकाळी हल्वरच्या स्वयंपाकघरात बसून कागदावर सही घेतली. हल्वर एवढंच म्हणाला, "बूट आमचे आहेत. ते ठेवून जाईल."

हे एकसष्ट सालचं. ऑर्व्हिलला ब्रेनर फॉल्स नावाच्या लाकूडगिरण्यांच्या गावी, खालच्या लीगमधल्या ऑटर्स, म्हणजे पाणमांजरं, नावाच्या संघात पाठवण्यात आलं. संघाचा मॅनेजर कॉय पिटमन दूर दक्षिणेतल्या अलाबामाचा. तोंडात कायम तंबाखू, हातात पिंक टाकायला कागदाचा पेला, आणि मिनेसोटाच्या जूनमध्येही अंगात लोकरी बंडी. त्यानं नव्या डावखुऱ्याला सुरुवातीच्या पिचरांच्या पाळीत बसवलं. म्हणजे दर पाचव्या दिवशी सामना आपणच सुरू करायचा, हे आधीपासून ठरलेलं.

आता ऑर्व्हिलचं पोट पाळीत बसलं. सामना संपला की पहिल्या दिवशी तो दोन माणसांचं जेवायचा. दुसऱ्या दिवशी गप्प व्हायचा. तिसऱ्या दिवशी नुसती खारी बिस्किटं. चौथ्या दिवशी तो न्हाणीघरातून बाहेरच यायचा नाही आणि संघाची बस दारात भोंगा वाजवत उभी राहायची. सामन्यात चेंडू कुठं जाईल याचा भरवसा नव्हता. एकदा तो थेट बाजूला नाचणाऱ्या पाणमांजराच्या पोटात बसला. संघाचं चिन्ह असलेल्या त्या वेषात गावचा बेकर होता. पुढं ऑर्व्हिलच्या पाळीला तो वेष घालायला कुणी धजेना, आणि मुलं विचारू लागली की आपलं पाणमांजर कुठं गेलं.

कॉयनं शेवटी त्याला बोलावून सांगितलं की बाळा, हात तुझा सोन्याचा आहे पण मी हताश झालोय, आठवडा संपला की तू घरी जा. तोवर चेंडू टाकायचा नाही, नुसतं बसायचं. ऑर्व्हिल म्हणाला बरं. तो जाऊन बुलपेनमध्ये बसला. मैदानाच्या कडेला कठड्यामागं राखीव पिचर बसतात ती ही जागा. सुरुवातीचा पिचर थकला किंवा मार खाऊ लागला की इथून एकाला उठवून मदतीला पाठवतात.

त्या दिवशी ऑटर्स एका धावेनं पुढं होते आणि त्यांच्या पिचरच्या पापणीला गांधीलमाशी चावली. डोळा टम्म सुजला. बुलपेनमधला नेहमीचा मदतनीस दाढ काढायला गेलेला. दुसऱ्याचा खांदा धरलेला. कॉय तावातावानं कठड्यापाशी आला. तिथं ऑर्व्हिल कांदा घातलेलं लिव्हर सॉसेजचं सँडविच खात होता.

"ते खाली ठेव आणि जा," कॉय म्हणाला.

ऑर्व्हिलनं सँडविच बाकावर ठेवलं, विजारीला हात पुसले आणि गेला. एकामागून एक फलंदाज येत होते आणि वाऱ्यावर बॅट फिरवून परतत होते. सामना संपला. तो परत आला आणि उरलेलं सँडविच खायला बसला.

कॉय त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "पोटाचं काय झालं?"

"त्याला कळवायला वेळच मिळाला नाही," ऑर्व्हिल म्हणाला.

कॉय पिटमन फार शिकलेला नव्हता, पण त्या क्षणी त्याला सगळं लख्ख दिसलं. त्यानं संघाला एकत्र करून नियम घातला. ऑर्व्हिलला आधी काही सांगायचं नाही. कधी खेळणार, कुणाविरुद्ध खेळणार, खेळणार की नाही, काहीही नाही. जो सांगेल त्यानं संघाची बस धुवायची.

अडचण एकच होती. पिचरला एकदम उभं करता येत नाही. आधी थोडे चेंडू टाकून हात तापवावा लागतो, आणि हात तापवायला लावला की पोटाला सुगावा लागणार. यातून मार्ग काढला एउसेबियो लार्राल्देनं. हा व्हेनेझुएलाचा, बुलपेनमध्ये चेंडू झेलायचं काम करायचा, आणि कॉयचा फोन यायचा तोही तोच घ्यायचा. फोन वाजला की एउसेबियो गंभीर चेहऱ्यानं म्हणे, नाही हो, ही लाँड्री नाही, आणि ठेवून देई. मग जांभई देऊन आपला हातमोजा चाचपे.

"भाऊ, हा फार कडक झालाय रे. चार चेंडू टाक, मऊ होऊ दे."

"कालच तर मऊ केला."

"रात्रीत परत कडक झाला. हवाच तशी आहे तुमच्याकडची."

मऊ करून करून त्या हातमोज्याची पार चिंधी झाली, तरी एउसेबियोचं म्हणणं कायम होतं. ऑर्व्हिलला हे कळत नव्हतं का? कळत होतं. त्याला कळतं हेही सगळ्यांना कळत होतं. पण कुणी उघड बोलत नाही तोवर ती बातमी त्याच्या डोक्यात राही, पोटापर्यंत उतरत नसे. त्यामुळे त्यानंही कधी उलट विचारलं नाही. तो मन लावून हातमोजा मऊ करायचा, आणि मग कॉयनं हात वर केला की तोंडात उरलेले सूर्यफुलाचे दाणे थुंकून मैदानात चालू लागायचा.

ब्रेनर फॉल्सच्या मैदानावर ऑर्गन वाजवायला मार्लिस एंगेब्रेटसन होती. रविवारी सकाळी ती चर्चमध्ये वाजवी आणि दुपारी मैदानावर, आणि कधी कधी सुरांची गल्लत होऊन विरोधी संघाचा खेळाडू बाद झाल्यावर अंत्यविधीचं भजन वाजे. लोकांना ते मुद्दाम वाटे. ऑर्व्हिलला ती आवडली. तिच्या घरी रविवारी जाऊन लग्नाचं विचारायचं असं त्यानं ठरवलं, आणि ठरवलं तिथंच चुकलं. तीन रविवार तो तिच्या दारापर्यंतही पोचला नाही. चौथ्या रविवारी पोचला तो तिच्या आईच्या गुलाबांपाशी वाकून उभा राहिला आणि परत गेला.

मार्लिसनं ही हकीकत एउसेबियोकडून काढून घेतली. दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिल कपड्यांच्या खोलीबाहेर बुटांचा चिखल झाडत होता. ती सरळ त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"ऑर्व्हिल, माझ्याशी लग्न करशील? विचार करू नकोस, बोल."

"करीन," तो म्हणाला, आणि चिखल झाडत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो, आणि तो बुटासकट पायरीवर बसला. पोट अगदी शांत होतं.

लग्नाची तारीख त्याला कळता कामा नये, हे मार्लिसनं ओळखलं होतं. एल्क बेंडहून हल्वर आणि आई निघाले, चर्चच्या तळघरात बायकांनी बटाट्याच्या पातळ पोळ्या, लेफ्सा, लाटल्या, केक आला, आणि ऑर्व्हिलला सांगण्यात आलं की एउसेबियोच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे, सूट घाल. एउसेबियो कॅथलिक होता आणि चर्च लुथेरन होतं. शिवाय एउसेबियोचं लग्नही झालेलं नव्हतं. ऑर्व्हिलनं काही न विचारता सूट घातला. आत गेल्यावर वेदीपाशी पांढऱ्या पोशाखात मार्लिस दिसली तेव्हा तो नुसता तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तळघरात कॉफी पिताना हल्वर मुलाच्या कानाशी आला आणि म्हणाला, "तुला माहीत होतं."

"बाळ कुठं दिसेना," ऑर्व्हिल म्हणाला, "तेव्हा वाटलंच."

पुढं वरच्या लीगमधून बोलावणं आलं तेव्हाही कॉयनं त्याला सरळ सांगितलं नाही. शहरातल्या मोठ्या संघाला बॅटींचा एक गठ्ठा पोचवायचाय, तू गाडीत बस, एवढंच सांगितलं. वाटेत कॉय एकसारखा पेल्यात थुंकत होता आणि डोळे पुसत होता, आणि धूळ फार आहे म्हणत होता. मोठ्या मैदानावर ऑर्व्हिल गठ्ठा घेऊन आत गेला तर खुंटीवर टेस्डाल नाव शिवलेला सदरा. त्याच दुपारी तो खेळला. देशातल्या नावाजलेल्या फलंदाजांपैकी एक त्याच्यासमोर आला आणि वाऱ्यावर बॅट फिरवून परत गेला. ऑर्व्हिलनं त्याचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. नंतर तासभर त्याला गरगरत होतं.

वरच्या संघात त्याची काही वर्षं सुखात गेली. मदतीच्या पिचरला तिथंही आधी कुणी काही सांगत नाही. एउसेबियोही मागोमाग तिथंच आला होता, नव्या हातमोज्यासह. लोक ऑर्व्हिलला फारसे ओळखत नसत. तो यायचा, एका किंवा दोघांना बाद करायचा आणि जायचा. सिगरेट पेटवायला मान खाली घातली की ऑर्व्हिल चुकला, असं प्रेक्षक म्हणत.

या संघाचा मॅनेजर एव्हरेट हॅलोवेल शिस्तीचा माणूस. त्याच्या खोलीबाहेर फळा होता आणि त्यावर येत्या आठवड्याचं सगळं खडूनं लिहिलेलं असे. कॉयनं त्याला ऑर्व्हिलच्या पोटाबद्दल सांगितलं होतं. हॅलोवेलला ती खेड्यातली अंधश्रद्धा वाटली. एका सप्टेंबरमध्ये संघ अगदी वरच्या स्थानाच्या तोंडाशी आला आणि नेमके दोन पिचर जायबंदी झाले. हॅलोवेलनं बुधवारी फळ्यावर लिहिलं: रविवार, टेस्डाल. एउसेबियो ते पुसायला धावला. पण त्याच्या आधीच ऑर्व्हिल फळ्यासमोर टोपी हातात धरून उभा होता.

मार्लिसनं कॉयला फोन केला. कॉय रातोरात निघाला आणि गुरुवारी सकाळी तंबाखूच्या पेल्यासह हॅलोवेलच्या खोलीत शिरला.

"साहेब, हे तुम्ही त्याला रविवारी सकाळी सांगितलं असतं तर त्यानं तुम्हाला सामना काढून दिला असता. तुम्ही बुधवारीच सांगून बसलात."

"पिटमन, हा व्यावसायिक खेळ आहे."

"तो आहे व्यावसायिक," कॉय म्हणाला. "त्याचं पोट हौशी आहे."

हॅलोवेलनं त्याला दार दाखवलं. फळा बदलला नाही.

ते दिवस घरात कसे गेले ते मार्लिसलाच ठाऊक. तिनं रेडिओ बंद ठेवला, पेपर शेजारी टाकायला सांगितला, तर दूधवाल्यानंच खिडकीतून ओरडून शुभेच्छा दिल्या. रविवारी ऑर्व्हिल खच्चून भरलेल्या मैदानाच्या मधोमध उभा राहिला तेव्हा त्याचा रंग गवताच्या जवळपास होता. पहिल्या दोन फलंदाजांना त्यानं इतके वाकडे चेंडू टाकले की ते बॅट न हलवता फुकटात पुढच्या तळावर गेले. तिसऱ्यानं फटका मारला आणि ते दोघंही धावा काढून मूळ तळावर पळत आले. मग ऑर्व्हिल वाकला, आणि लहानपणापासून ज्या गोष्टीला तो भीत आला होता ती गोष्ट त्यानं हजारो माणसांच्या देखत केली. पंच चौकशी करायला नेमका जवळ आला होता. त्याचे बूट नवे होते.

माळी घमेलं, फावडं आणि कोरडी माती घेऊन आले. पंच बूट पुसायला आत गेला. ऑर्व्हिल बाजूला उभा राहून माती पसरणाऱ्यांकडं बघत होता. पुढं त्यानं मार्लिसला सांगितलं की त्याला तेव्हा पहिल्यांदा प्रेक्षकांचे चेहरे नीट दिसले. एक बाई विणत होती. एक म्हातारा मक्याच्या लाह्या खात होता आणि थांबलाही नव्हता. कुणी घरी निघून गेलं नव्हतं. वरच्या मजल्यावरून एकानं टाळ्या वाजवल्या आणि म्हटलं, "आता हलका झालास, टाक." लोक हसले. ऑर्व्हिललाही हसू आलं, आणि त्या पाठोपाठ त्याला सडकून भूक लागली.

त्यानं फलंदाजामागं चेंडू झेलणाऱ्या कॅचरकडं खायला काही आहे का विचारलं. कॅचरच्या मागच्या खिशात चुरा झालेली खारी बिस्किटं होती. ती खाऊन ऑर्व्हिलनं पुढचा चेंडू टाकला आणि तो फलंदाजाच्या नाकासमोरून जिना उतरला. त्यानंतर विरोधी संघाला एकही धाव मिळाली नाही. पण सुरुवातीच्या त्या दोन धावा गेल्या त्या गेल्याच. आपल्या फलंदाजांना एकच करता आली. संघ सामना हरला, पहिलं स्थानही गेलं.

हॅलोवेलनं त्याला नंतर खोलीत बोलावलं. तो रागावलेला नव्हता, उलट खुशीत दिसला. म्हणाला की बघ, म्हणजे तुला जमतं, पुढल्या वर्षी तू कायम सुरुवात करायची. ऑर्व्हिलनं टोपी फिरवत थोडा विचार केला.

"जमतं," तो म्हणाला. "पण दर वेळी तुम्ही माती बदलणार का? आणि पंचांचे बूट?"

हॅलोवेल हसल्याचं त्या संघात कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो इतका हसला की सेक्रेटरी पाणी घेऊन आत आली. ऑर्व्हिल परत बुलपेनमध्ये गेला आणि फळ्यावर त्याचं नाव पुन्हा कधी लिहिलं गेलं नाही.

आमच्याकडं अजून सांगतात की त्या रविवारनंतर ऑर्व्हिल बरा झाला. ते खरं नाही. पुढच्याच महिन्यात त्याला दाताच्या डॉक्टरांनी शुक्रवारची वेळ दिली आणि तो मंगळवारपासून उपाशी राहिला. एवढाच फरक पडला की आता त्याला त्याची लाज वाटत नसे. शेजारी विचारत, काय रे, तोंड उतरलंय, तर तो मोकळेपणानं सांगे, शुक्रवारी दाढ आहे.

खांद्यानं दगा दिला तेव्हा तो मार्लिस आणि दोन मुलींना घेऊन एल्क बेंडला आला. हल्वरचा गोठा ऑर्व्हिलच्या धाकट्या भावाकडं गेला होता, म्हणून ऑर्व्हिल दुसऱ्यांच्या गाईंचं दूध काढू लागला. गाईंना सुट्टी नसते. मालक आजारी पडला, लग्नाला गेला, ट्रॅक्टरखाली पाय सापडला, की कुणीतरी आयत्या वेळी लागतंच. फोन आला की ऑर्व्हिल रबरी बूट चढवून निघायचा. परक्या गाई त्याला पटकन दूध देत. त्याच्या हाताला घाई नाही असं बायका म्हणत.

एका मार्चमध्ये सॉल्व्हेग ब्रेके नावाच्या विधवेच्या गोठ्यात एका तांबड्या गाईनं त्याच्या डाव्या मनगटावर लाथ मारली आणि हाड मोडलं. जिल्ह्याच्या साप्ताहिकानं पहिल्या पानावर छापलं: प्रसिद्ध डावखुऱ्याचा हात गाईनं मोडला. बातमीत गाईचं नाव, वय आणि रोजचं दूध दिलेलं होतं. ऑर्व्हिलच्या कारकिर्दीबद्दल शेवटी एक ओळ होती आणि तीही जागेअभावी तुटली होती.

मग सबंध गाव प्लास्टर बघायला लोटलं. ज्यांनी त्याला कधी खेळताना पाहिलं नव्हतं तेही आले. प्रत्येकाच्या हातात बटाटे आणि खिम्याची गरम हॉटडिश. स्वयंपाकघरातल्या टेबलावर भांड्यांना जागा उरली नाही, म्हणून ती मार्लिसच्या ऑर्गनवर ठेवावी लागली. सगळ्यांची हीच विचारणा की दुखतं का, आणि ऑर्व्हिल म्हणे, खातोय तोवर कळत नाही.

सॉल्व्हेग ब्रेके सगळ्यात शेवटी आली, फार ओशाळून. ती दारातच उभी राहिली. तिला वाटत होतं, आपल्या गाईनं गावाचं फार मोठं नुकसान केलं. ऑर्व्हिलनं तिला बसायला सांगितलं आणि उजव्या हातानं वेंधळेपणानं कॉफी ओतली. अर्धी बशीत गेली.

"गाय कशी आहे?" त्यानं विचारलं.

"बावरलीय जरा," सॉल्व्हेग म्हणाली. "दूध कमी देतेय."

"तिला दोन दिवस कुणी काही बोलू नका," ऑर्व्हिल म्हणाला, आणि तिच्यापुढं हॉटडिशचं भांडं सरकवलं.